मूळ लाकूड किती टक्के

मोतीबागेत रूळ जिथे गवतात संपतात
तिथे उभा आहे छोट्या लायनीचा मालडबा.
नंबराच्या पाच आकड्यांतले तीन वाचता येतात.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं उकंडराव दुरुगकरांच्या. सुतार, कॅरेज शॉप, निवृत्त.
वय विचारलं तर म्हणाले, "लिहा अंदाजे."

लांबी अठरा फूट चार इंच.
फळ्या आडव्या, सागाच्या,
एकीच्या खाचेत दुसरीची जीभ.
कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, चौकोनी नट,
आणि प्रत्येक नटाखाली
गंजाचा बोटभर ओघळ.
ॲक्सलपेटीचं झाकण उचललं:
तेल कधीच आटलेलं, बोळ्याचा दगड झालेला,
त्यात एका गांधीलमाशीचं घर.

दाराशी तळ खोलगट आहे.
लाकूड झिजलं, खिळे राहिले,
ज्वारीएवढी डोकी वर काढून.
"पाय कापत नसतील हमालांचे?"
"नाही जी. अनवाणी चालून चालून
खिळेच गुळगुळीत झाले."
फटीत टाचणी फिरवली.
वर तेंदूपानाचा चुरा,
खाली काळी भुकटी, मँगनीजची,
तिच्याही खाली धानाचा एक दाणा
टरफलासकट.

फॉर्मात रकाना आहे: मूळ लाकूड किती टक्के.
ते हसले. "मूळ म्हंजे?
मूळ तं आलापल्लीच्या जंगलात रायलं."
मी रकाना सोडून दिला.

आत अंधार होता. टॉर्च मारला.
डावीकडून, खालून पाचवी फळी.
तिच्यावर पांढरी अक्षरं, अर्धी कापलेली, उलटी;
दुसऱ्याच कुठल्या डब्याची.
उकंडरावांनी तळहात टेकला आणि तसाच ठेवला.
"हे माही.
रातपाळी होती. सकाळी गाडीले लावाचा होता
अन् फळी नोती. मोडीतल्या डब्याची काढली.
घाईत उलटी बसली.
डिक्रूझ साहेबानं कंदील धरला, पाह्यलं,
खडूनं बरोबरची खूण केली अन् पुढे गेला."

मग बराच वेळ काही नाही.
बाहेर कडबी चौकाकडून एका टेम्पोचा हॉर्न.

"एकदा नागभीडले भेटला.
मी लग्नाले गेलो होतो. दार उघडं, आत बकऱ्या.
त्यायच्या पाठीवरून दिसली फळी.
बायको म्हणे, काय पाहून रायले?
म्हटलं, बकऱ्या."

दाराची वरची बिजागरी लोंबकळत होती.
स्क्रूचं भोक मोठं झालेलं, स्क्रू आत नुसता फिरायचा.
मी लिहीत होते: बिजागरी, एक, सैल.
त्यांनी खिशातून सकाळचं दातवण काढलं,
कडुनिंबाचं, एका टोकाला चावलेलं.
कोरडं टोक मोडून भोकात ठोकलं,
टाचेनं. बुटाच्याच.
स्क्रू पुन्हा लावला. चार आटे, पाच,
सहाव्याला त्यांचं मनगट थांबलं.
दार ओढून पाहिलं. बसलं.

नियम असा की काही हलवायचं नाही,
काही जोडायचं नाही, फक्त नोंद.
मी खोडरबर शोधलं, 'सैल' पुसलं,
आणि शेऱ्यात लिहिलं:
दुरुस्ती, आजची. लाकूड, कडुनिंब.