डावा चार, उजवा सहा

ग्लॅडविननं फोनवर बजावलं होतं :
सपाता नकोत, मनोरीचा चिखल पहिल्याच पावलाला एक ठेवून घेतो.
नाड्या नकोत. होडी उलटली
तर पाय सुटायला हवा, गुंतायला नको.
तळ पातळ हवा, पण कालवाची धार सोसणारा,
बाजूला जाळी, म्हणजे पाणी आलं तसं जाईल.
आणि संध्याकाळी जा घ्यायला, बाय,
सकाळचा पाय उगाच सडपातळ असतो.

कुठल्या पायाचं म्हणतोस, हे मी विचारलं नाही.

मालाडला वालजीभाईंच्या दुकानात
मोजे काढले तेव्हा पोऱ्यानं
आधी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग बराच वेळ पंख्याकडे.
डावा चार. उजवा सहा.
तीन वर्षांची होते. ताप उतरला,
मी उठून पुढे चालायला लागले,
डावा पाय थोडा तिथंच राहिला.

'जोडी फोडता येत नाही, बेन.'
माहीत आहे. दोन द्या.
माळ्यावर माझा एक खोका आहे,
उजवे चार, डावे सहा,
शाळेचे काळे, धाकटीच्या लग्नातले सोनेरी,
एकही पाऊल न चाललेले,
तळव्यांवर किमतीची चिठ्ठी अजून शाबूत.
एक आख्खी बाई आहे तिथं, उलट्या पायांची,
माझ्याइतकीच महाग पडलेली.

वालजीभाई मागून बादली घेऊन आले.
'पाण्यातलं आहे ना, मग ओलं करून घाला.'
एकसष्टाव्या वर्षी दुकानाच्या पायरीवर
मी बूट भिजवून चालले, चपक चपक,
रिक्षावाले बघत होते.
उजवी टाच घट्ट. बोटं आत हलतात.
डावी टाच मात्र सुटत होती,
चार नंबरही तिला मोठाच.
पोऱ्या न बोलता आत गेला,
रबरी मोजा घेऊन आला. एकच.
त्याचे त्यानं पैसे लावले नाहीत.

छत्तीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीमागे बसले.
खिडकीमागच्या बाईला पाय नसतात,
हात असतात, शिक्का असतो, सुट्टे पैसे नसतात.
वाटलं, होडीतही तेच. कमरेखाली झाकलेलं.
म्हणून तर आले होते, खरं सांगायचं तर.

मार्व्याला भरती चढत होती.
फेरीबोट स्कूटर भरून पलीकडे निघाली होती.
ग्लॅडविन होडीत डोकं खुपसून
पाय टेकायच्या पट्ट्या सरकवत होता.
उजवी पाचव्या खाचेत.
'डावा टेकव. पोचला? नाही?'
खट्. चौथी. खट्. तिसरी.
'आता?'
आता टेकला.

एवढंच. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही,
पुढच्या होडीकडे गेला.
कुठल्याही जिन्यानं, कुठल्याही बसच्या पायरीनं
हे कधी केलं नव्हतं,
दोन पायांना दोन वेगळे प्रश्न विचारणं.

मग खाडी. तिवरांच्या मुळांतून
बुडबुडे, एक ढोकरी, डिझेलचा वास,
आणि डाव्या बुटात शिरलेली चिमूटभर रेती
जी दोन तास टोचत राहिली.
बूट चांगले असले तरी रेती शिरतेच,
हे ग्लॅडविननं सांगितलं नव्हतं.
उतरताना चिखलानं दोन्ही पाय धरले, सारखेच.
मी ओढले. बूट पायांसकट आले.

घरी धुऊन खिडकीच्या गजांना अडकवले.
समोरच्या दळवीबाईंनी विचारलं,
'कोण आलंय हो? लहान मुलाचाही दिसतोय एक.'
कोणी नाही, म्हटलं. दोन्ही माझेच.
त्या थोडा वेळ थांबल्या,
मग म्हणाल्या, बरं.

रात्रभर पाणी ठिबकत राहिलं,
खारं,
खालच्यांच्या कोरफडीवर.
सकाळी तक्रार येणार आहे.