बारावा महिना

करार अकरा महिन्यांचा.
लिट्रिमच्या त्या थंड कचेरीत,
हीटरवर स्वतःचे मोजे वाळत घालून
वकिलाने बजावलं होतं:
"डिम्फना, बाराव्या महिन्यात एक खूरसुद्धा नको.
सलग राहिला, की कूळ लागतं."

मी हसले नाही. हसण्यासारखं होतं.
ज्या घराचं कूळ माझ्यापाशी येऊन संपलं
तिथे कूळ लागण्याची धास्ती.

भाऊ गेल्यापासून सोळा वर्षं
फेलिम मॅकगोव्हर्न माझी तीन शेतं खंडाने करतो.
टेकाडावरचं, तळ्याकडचं,
आणि एक बिननावाचं,
बाबा त्याला नुसतं 'पलीकडे' म्हणायचे.
एक फेब्रुवारीला येतो. बूट दाराबाहेर.
अंगठा जिभेला लावून टेबलावर नोटा मोजतो,
त्यातली एक मी त्याला परत देते, शकुनाची.
चहात तीन चमचे साखर घालतो
आणि यंदा चर नक्की काढतो म्हणतो.
चर निघत नाही. लव्हाळं वाढतं.

डिसेंबर सरताना तो मेंढ्या हाकून नेतो
आणि जानेवारीभर जमीन माझी होते.
म्हणजे काय होते?
भावाचा कोट घालून मी कुंपणाकडेने चालते,
माझ्याच मालकीच्या चिखलात
माझाच पाय रुततो.
कावळे बघतात.
एवढी मालकी पुरे होते मला. महिना मात्र लांब असतो.

या जानेवारीत, चार तारखेला,
'पलीकडे'च्या कोपऱ्यात, लव्हाळ्याआड, एक मेंढी.
पाठीवर फेलिमचा निळा ठिपका. पुढचा पाय अधर.
एक खूर नाही, चार.

फोन उचलला.
नंबर पाठ होता.
फेलिमची मोजणी कधी चुकत नाही
हे तेव्हा आठवलं.
खाली ठेवला.

तिला गोठ्यात घेतलं.
ओट दिले, खुराला औषध फासलं,
रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन गेले.
माझ्यावर कायद्याने हक्क सांगू शकेल असं काही
सोळा वर्षांनी या आवारात श्वास घेत होतं.

एक फेब्रुवारी. बूट दाराबाहेर. नोटा.
गोठ्यातून ती ओरडली.
फेलिमचा अंगठा जिभेपाशी थांबला.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला,
या वेळी सावकाश.

मी साखरेचं भांडं
पुढे सरकवलं.