चार्ज देताना

बच्छाव सर, ही किल्ली.
आधी दार थोडं आत ढकलायचं, मग डावीकडे फिरवायची.
कुलूप नवं आहे, चौकट जुनी,
दोघांचं अजून जमलेलं नाही.

जडवस्तू संग्रह नोंदवही, पान एकोणीस.
संगणक संच, नग दोन.
एक चालतो, वीज असली की.
दुसऱ्याचं झाकण चंदर भोयेनं काढलं,
पेचकस त्याच्याचकडे होता, सायकलचा.
आत पालीची तीन अंडी,
खडूच्या तुकड्यांएवढी, तशीच पांढरी.
"बाई, जडवस्तू म्हणजे जीव नसलेली ना?"
त्या वर्षी निर्लेखनाचा प्रस्ताव मी पाठवला नाही.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना.

टॅब्लेट, नग सहा.
मी आले तेव्हा काचेवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.
आधीचे सर वाईट नव्हते हो,
फुटलं तर वसुली पगारातून,
एवढंच कुणीतरी त्यांच्या कानात सांगून ठेवलेलं.
मीही पहिलं वर्षभर कपाट पुसलं.
बाहेरून.
मग एका शनिवारी प्लास्टिक सोललं.
पोरांनी ते गालांना चिकटवून घेतलं
आणि दिवसभर टॅबपेक्षा त्याच्याशीच खेळली.
पाच आहेत. एक फुटला.
कुणाच्या हातून ते विचारू नका,
नोंदवहीत नाव माझं आहे.

बोलून लिहिता येतं त्यात, शिकवलं मी.
सोमा धूम म्हणाला, आमची नागली वाळली.
पडद्यावर उमटलं, आमची लागली वाळली.
पुन्हा म्हणाला, सावकाश, तोंड जवळ नेऊन.
लागली.
तिसऱ्यांदा ओरडला.
लागली.
वर्ग हसून लोटपोट, आणि तो माझ्याकडे बघत राहिला,
चूक त्याची असल्यासारखा.
मी म्हटलं, यंत्र नवं आहे सोमा,
आपल्या गावात राहिलेलं नाही अजून.
तेव्हापासून तो त्याला रोज एक शब्द सांगतो.
यंत्र शिकलं नाही.
सोमा मात्र नागली बोटांनी लिहायला लागला, अक्षर अक्षर शोधून,
ते "ल"ला दिलेल्या दुसऱ्या वेलांटीसकट.

रेंज शाळेत नाही.
पाण्याच्या टाकीवरून खाली, सादड्याच्या बुंध्याशी उभं राहायचं.
तिथं फोन म्हणतो, गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे.
घाबरू नका, बदली झालेली नसते.
महाराष्ट्राची हजेरी मी चार वर्षं
तिथूनच भरली.

नाशिकच्या प्रशिक्षणात एसी होता.
साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला, रेघ वर जाणारी.
चहाच्या वेळी मी शेजारच्या बाईंना विचारलं,
तुमच्याकडे चार्जिंग कुठं करता?
त्या म्हणाल्या, पिठाच्या गिरणीत.
मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.
आपल्याकडेही गिरणी आहे. मंगळवार सोडून.

आता खरं सांगायचं ते.
यादीत नाही, त्याची सहीही नको.
जयवंती गावित, इयत्ता सहावी.
दिवाळीनंतर आईबापाबरोबर पिंपळगावकडे, द्राक्षांच्या बागेत.
तिकडच्या शाळेचा कागद मी दिला होता,
पण मुकादम दर पंधरा दिवसांनी बाग बदलतो.
हजेरीच्या ॲपमध्ये दोनच गोल आहेत,
हजर आणि गैरहजर.
मी रोज गैरहजरला बोट लावते.
आणि रोज संध्याकाळी तिचा आवाज येतो,
मुकादमाच्या फोनवरून,
मागे पेट्यांना खिळे ठोकल्याचा ठोक ठोक.
बाई, आज पेट्या मोजल्या.
एका पेटीत चार किलो, पेट्या दोनशे बारा.
किती, ते उद्या सांगते, आता फोन द्यायचाय.

दुसऱ्या दिवशी सांगते.
बहुतेक वेळा बरोबर असतं.

उत्तर आलं की लगेच पुढचं गणित पाठवा,
भागाकार कच्चा आहे तिचा.
फोन करू नका, मुकादम चिडतो.
निरोप साडेसातच्या सुमाराला येतो.
त्या वेळी सादड्याशी असायला हवं,
आणि बॅटरी न्या सोबत,
उतारावर विंचू निघतात.

हं, इथं.
वर तुमचं नाव, खाली सही, तारीख.