सदतीस

रात्री झोपण्याआधी
पाण्याचा पेला मधल्या फळीवर ठेवायचा,
पेल्यात थर्मामीटर उभा करायचा
आणि सकाळपर्यंत दार उघडायचं नाही.
हे शेवटचं हेरंबला जमत नाही.
रात्री दोनला उठतो, दार उघडतो,
खात काहीच नाही, नुसता बघत राहतो.
पिवळा उजेड त्याच्या पोटावर पडतो
आणि माझा प्रयोग फुकट जातो.

तरी सकाळी वाचते : एक्केचाळीस.
चार अंश जास्त. वहीत लिहिते.

डुलूथच्या इस्पितळात दिवसभर
मी जंतू वाढवते.
त्यांना ऊब लागते सदतीसची, सेल्सियसमध्ये,
माणसाच्या पोटात असते तेवढी.
एका रात्रीत ताटलीभर गोत जमवतात.
संध्याकाळी घरी यायचं
आणि त्यांच्याच चुलत्यांना सुस्त ठेवायचं.
त्यालाही सदतीसच, फॅरनहाइटमध्ये.
आकडा तोच,
तिकडे पाळणा, इकडे नजरकैद.

फ्रिजमधल्या बटणावर एक ते सात.
सात काय, ते लिहिलेलं नाही.
हेरंब म्हणे सात म्हणजे वर, वर म्हणजे गरम.
मी म्हणे सात म्हणजे जास्त गार.
या वादात एक अंडं तडकलं,
मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबिरीची जुडी
हातात बांगडीसारखी मोडली.
मी जिंकले, पण चटणी राहिली.

बार्शीला आमच्या गल्लीत पहिला फ्रिज आला
तेव्हा त्याला कुलूप होतं.
किती गार आहे असं कुणी विचारलं नाही,
किल्ली कुणाच्या कमरेला आहे
एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

जानेवारीत गराजमधला दुसरा फ्रिज गेला
असं आम्हाला वाटलं.
बाहेर उणे वीस. तळ्यावर लोक
ट्रक नेऊन उभे करत होते, मासे धरायला,
आणि आमच्या वरच्या कप्प्यात
मटार मऊ, खवलेल्या नारळाला पाणी सुटलेलं,
सुरमईची पिशवी हातात लोंबत होती.

शेजारचा लॉवेल लिंडक्विस्ट आला,
बूट न काढता, कारण गराजच ते.
भिंतीवरचा पारा बघितला : छत्तीस.
दाराला कान लावला, डॉक्टरसारखा नाही,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा.
म्हणाला, बिघडलेला नाही.
याला कळतं फक्त खालच्या कप्प्यातलं.
तिथे हवाच इतकी गार
की याला वाटतंय, आपलं काम झालं.
वरचं वितळतंय, त्याची याला खबरच नाही.

मग त्याने खाली एक छोटा दिवा टांगला,
दार लावलं तरी न विझणारा.
गार करायचं म्हणून ऊब द्यायची.
हेरंब म्हणाला, नंदादीप.
मी म्हटलं, पंधरा वॅट.
अर्ध्या तासाने मोटर घरघरली
आणि आम्ही तिघांनी, का कोण जाणे,
टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरपासून हेरंब घरी आहे.
कंपनीने एक पेटी दिली, सामान भरायला,
ती अजून जिन्याखाली आहे.
विचारलं की म्हणतो, ठीक.
जेवतो वेळेवर. बर्फ उपसतो.
लॉवेलचाही उपसतो.

काल रात्री दोनला मीही उठले.
तो उभा होता, दार उघडं,
समोर दूध, लोणचं, माझा पेला.
म्हटलं, काय बघतोस?
म्हणाला, काही नाही गं,
इथे दिवा लागतो.

मी त्याच्या मानेवर हात ठेवला.
हाताला आकडे येत नाहीत.
फ्रिज टुंग टुंग करायला लागला,
दार लावा, दार लावा,
आम्ही लावलं नाही.

सकाळी पेल्यात चव्वेचाळीस.
दूध हुंगून पाहिलं, चालेल.
वहीत लिहिलं नाही.