पान एक्केचाळीस

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
माझी जागा मागच्या बाकावर.
काळा कोट नाही, उठून बोलायचा हक्क नाही,
बोटांना पेन्सिलीचं शिसं तेवढं.

मुंडकार शाबी गावस, फाईल दोनशे बारा पानांची :
घरपट्टी, माडाच्या पाडपाची पावती,
वाळवीनं खाल्लेला पोर्तुगीज उतारा.
त्यातला ‘काझा’ म्हणजे घर,
एवढं मला एका म्हाताऱ्या नोटरीनं शिकवलं.

काल मध्येच एक वीजबिल निघालं,
मग रात्रभर आकडे खोडून पुन्हा.
आई म्हणाली, सरकारी परीक्षा दे गो.

आज वकील उठले. चार मिनिटं.
“पान एक्केचाळीस, साहेब.”
साहेबांनी पान उलटलं.
कोपऱ्यात माझा चार, जरा वाकडा,
शेजारी माझा एक.

शाबी माझ्याकडे बघत होती,
पानाकडे नाही.
तिला वाचता येत नाही.