करपलेले धणे

बेस्तवारी दुपारी लाईट जाते, डंक गप्प बसतो.
तेवढ्यात प्रणोती मला फोनपुढं बसवते.
"अक्का, हसा की जरा."
हसू कशाला? मी मिरची विकते.

पहिल्या व्हिडिओला भाचीच्या लग्नातली साडी नेसले,
केसाला पाणी लावून, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी ताठ:
"नमस्कार. आमच्याकडे शुद्ध, घरगुती, संकेश्वरी..."
अकरा जणांनी बघितला.
त्यात सात भावकीतले, दोनदा मीच.

दुसऱ्यात पोरीनं गाणं घातलं, मिरच्या नाचवल्या
आणि डंकाचा आवाज काढून टाकला.
तीस वर्षांत त्या आवाजानं माझा उजवा कान खाल्ला,
तिला एक बोट पुरलं.

तिसऱ्याखाली भांडण लागलं.
नाव मराठीत का, एकानं विचारलं.
मग कशात पाहिजे, दुसऱ्यानं.
मग तिसरा, मग त्याचे मित्र, मग कुणाकुणाच्या आया.
रातभर फोन उशाशी टुंग टुंग.
"अक्का, चाललो की आपण!" पोरगी कॉटवर उभी.
तीनशे माणसं भांडली माझ्या मिरचीखाली,
पावशेर चटणी कुणी मागितली नाही.

सकाळी बसलिंगव्वा आली, रोजच्यासारखी,
"खारद पुडी, अर्धा किलो."
चेष्टेनं म्हटलं, चटणी म्हणा की.
"आधी वहीत मांड," ती म्हणाली, "भाषा मागनं बघू."

स्टँडवर दहा रुपयांची पाकिटं लोंबतात.
रंग असा, की होळीला चालेल.
त्यांची जाहिरात करणारी बाई कधी शिंकत नाही.

मग तो दिवस.
फोन मिठाच्या बरणीला टेकलेला, चालूच राहिलेला,
कुणाच्या ध्यानात नाही.
कढईत तीन किलो धणे, आणि मी दारात
गॅसवाल्याशी हुज्जत घालत.
वास आला तेव्हा उशीर झाला होता.
एक दाणा चावला, थुंकला,
भरमाण्णाला नको ते बोलले, स्वतःला त्याहून जास्त,
आणि सगळे धणे मागच्या उकिरड्यावर.
खोबरं, दगडफूल, तीळ तसेच मांडलेले,
मी पदरानं नाक पुसत, मोडलेल्या आवाजात:
"हे घातलं तर चटणी महिन्यात कडू होणार. कोण खाणार?"

प्रणोतीनं मला न विचारता टाकला.
डंकाचा आवाजही राहू दिला, घाईत.

गडहिंग्लजहून फोन आला, हुबळीहून,
हडपसरच्या एका बाईचा:
"फेकून दिलीत ना, म्हणून तुमचीच पाहिजे. दोन किलो."
मी म्हटलं, एकच घ्या, दोन घरात नासेल.
पोरीनं तेही टाकलं.
कुरिअरचा पोरगा आता पत्ता विचारत नाही,
लांबनंच शिंकत येतो.
तिखट लागून बोटं फुगलीत,
रात्री खोबरेल लावून बसते आणि
पैसे आल्याचा आवाज आला की दुसऱ्या हातानं बघते.

मग एक आठवडा सगळं थंड.
"अक्का," पोरगी वहीत रेघोट्या ओढत म्हणाली,
"परत एकदा फेका की.
थोडेच. पावशेर धणे. लोकांना ते आवडतं."
तिला ओरडले. धान्य आहे ते, म्हटलं.
ती म्हणाली, तेव्हाही धान्यच होतं.

काल आयतवारी धणे भाजायला बसले.
फोन बरणीला टेकलेला, लाल ठिपका लागलेला,
ह्या वेळी मला माहीत होतं.
धणे तडतडले. वास फिरला.
आता उतरवायचे, हाताला कळलं.
हात मांडीवरच राहिला.
एक श्वास.
अजून एक.

डंकामागनं, इकडं न बघता,
भरमाण्णा एवढंच म्हणाला: "धणे."

कढई उतरवली. वाचले, जेमतेम.
ते दोन श्वास व्हिडिओत आलेत,
आणि त्या वेळचं माझं तोंड.
पोरगी सकाळपासनं विचारते, कापू का.
मी अजून काही सांगितलेलं नाही.