सव्विसावा सीझन

निपाणीत, अक्कोळ रोडला,
मांडीवर विड्यांचं सूप घेऊन
आई कार्टून बघते. कन्नडात लागतं ते.
त्यातली पोरगी सव्वीस वर्षं तिसरीतच.
"सारखी नापास हुती काय गं ही?"
कात्री न थांबवता विचारते.

यंदा त्यातल्या बापाचा आवाज बदलला.
ढेरी तीच, तुटका अंगठा असलेली चप्पल तीच,
जिन्यावरून रोजचं पडणंही.
"पयला कुठं गेला?"
वारला असेल, मी म्हटलं,
चित्राला काही होत नाही,
बोलणारा नवा आणतात.

पुढच्या दोन विनोदांना आई हसली नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून भरमू, फोनवर:
"हां, बोला की वो… पानं आली काय?"
हुबेहूब अण्णा.

आईनं रिमोट शोधला
आणि बापाचा आवाज बारीक केला.